दारावरचा हिरवा दिवा

४ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

हे पाकीट फोडताना तुझ्या कपाळावर आठ्या पडणार, हे मला इथे बसून दिसतंय. नणंदेचं पत्र, तेही कागदावर, म्हणजे एक तर कुणाचं तरी लग्न ठरलं असणार, नाही तर कुणी तरी गेलं असणार. दोन्ही नाही. काम आहे.

मी नेमकं काय काम करते हे आपल्या घरात आजवर कुणालाच धड सांगता आलेलं नाही. दादा लोकांना सांगतो, "ती दुसऱ्यांच्या घरात बसून टकामका बघते आणि त्याचा पगार घेते." तेच आहे म्हण. एखादी वस्तू बनवायच्या आधी ती वापरणारी माणसं कशी राहतात, कशी राबतात, कशावर खेकसतात ते बघायचं आणि बनवणाऱ्यांच्या कानावर घालायचं. आता लांब पल्ल्याच्या ट्रकांच्या केबिनमध्ये बसवायची यंत्रं करणाऱ्या कंपनीने मला घेतलंय. तुमच्या समोरचा टॅब आणि तुमच्या तोंडावर रोखलेला कॅमेरा, दोन्ही यांचेच. ज्यांचं घरही चाकांवर आणि कामही चाकांवर, त्यांना ही यंत्रं कामाला येतात की छळतात, एवढंच मला शोधायचंय.

पहिल्याच ड्रायव्हरला मी विचारलं, "हा टॅब तुम्हाला कसा वाटतो?" त्याने तो उखडला आणि माझ्या तोंडावर फेकून मारला. भुवईवर टाके पडले. आमचे साहेब म्हणाले, चांगली माहिती मिळाली. तेव्हा मला तू आठवलीस. तू आणि दादा एकच गाडी आळीपाळीने चालवता, तिथेच खाता, तिथेच झोपता, आणि तुला गोड बोलायची सवय नाही.

सोबत तिकिटं लावलेली पाकिटं आहेत, एक छोटा कॅमेरा आहे आणि केबिनचं रिकामं चित्र आहे. जिथे तुझं डोकं फिरतं तिथे लाल खडू मार. जे नाही पण हवं आहे ते हिरव्याने काढ. फोनवर सांगू नकोस. गाडीतला फोन टॅबमधून जातो आणि टॅबमधलं सगळं कंपनीत ऐकू येतं. मी डेपोच्या पत्त्यावर लिहीत जाईन, तिकडे खेप झाली की घेत जा.

दादाला सांग, भुवई बरी आहे. त्या ड्रायव्हरला शोधायला निघू नकोस म्हणावं.

तुझी लाडकी नणंद

१३ फेब्रुवारी

वन्सं,

या शब्दाने तू चिडतेस म्हणूनच लिहिला. चित्र रंगवलं आहे. लाल खडू संपला, दुसरा पाठव.

टॅबचं नाव आम्ही चहाडखोर ठेवलंय. जांभई दिली की ओरडतो, ब्रेक जोरात दाबला की ओरडतो, मी तुझ्या दादावर ओरडले की तोही ओरडतो. कॅमेऱ्याच्या तोंडावर दादाचा मोजा चढवलेला असतो, आणि तो धुतलेला नसतो. ज्याला आमची तोंडं बघायची हौस आहे त्याने निदान वास तरी घ्यावा.

पण खरा लाल रंग मी दारावर मारलाय, तो बघ. आम्ही रात्रभर चालवतो आणि दिवसा माल उतरवायच्या यार्डात रांगेत उभे राहतो. झोपायचं तेवढ्यातच. सीटच्या मागे एक फळी, तिच्यावर गादी, समोर पडदा. डोळा लागला रे लागला की यार्डाचा पहारेकरी लोखंडी गज दारावर हाणतो. गाडी पुढे घ्यायची असो नसो, हाणतोच. आत कुणी आहे की नाही ते त्याला कसं कळणार?

मंगळवारी चौथ्यांदा गज वाजला तेव्हा तुझा दादा बनियनवर खाली उतरला. त्याने गज हिसकावला आणि पहारेकऱ्याच्या तोंडावर आडवा मारला. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मला वर केबिनमध्ये ऐकू आला. मग दुसरे दोघे धावून आले. दादाला खाली पाडून बुटांनी कमरेत लाथा घालायला लागले. मी मध्ये पडले तर एकाने मला थोबाडीत मारली. त्याच्या अंगठीचा वळ अजून गालावर आहे. मी त्याच्या मनगटाला कडकडून चावले, ते रक्त तोंडात येईपर्यंत सोडलं नाही. त्यानंतर सगळे दमले. कुणी तरी पाणी आणलं, नाकात कापूस भरला, आणि तेवढ्यात आमचा नंबर लागला.

हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. दुसऱ्या दिवशी दादा चालवत होता, मी मागे पडले होते. गाडी खडबडायला लागली म्हणून उठले तर डावी चाकं रस्ता सोडून खडीवर गेलेली. दादाचे डोळे सताड उघडे आणि तो झोपलेला. मी त्याच्या मानेवर गुद्दा घातला तेव्हा त्याने गाडी आवरली. या माणसाला झोप मिळाली नाही तर तो कुणाचा तरी जीव घेईल, नाही तर स्वतःचा देईल. मला दुसरं काही नको.

म्हणून हिरव्या खडूने दारावर एक दिवा काढलाय. आत माणूस झोपलंय, हे बाहेरच्याला कळलं पाहिजे. तुम्ही शिकलेली माणसं चंद्रावर यंत्रं पाठवता, एक दिवा लावता येतो का बघा.

तुझी वहिनी

२६ फेब्रुवारी

वहिनी, वहिनी, वहिनी!

दिवा होतोय. आमच्याकडे एक मोठी भिंत आहे, तिच्यावर सगळ्या ड्रायव्हरांचं म्हणणं चिठ्ठ्यांवर लिहून चिकटवतो. तुझं चित्र मी मधोमध लावलं आणि त्या नाकाच्या हाडासकट सगळा किस्सा वाचून दाखवला. साहेबांनी टेबलावर मूठ आपटली आणि म्हणाले, हेच करायचं.

असं आहे बघ. गादीखाली एक पातळ चादर असेल, तिला वजन कळतं. कुणी आडवं झालं की केबिनच्या दारावर, बाहेरच्या बाजूला, हिरवा दिवा लागेल. उठलं की बंद. सगळ्या यार्डांना कळवलंय, हिरवा दिवा असेल त्या दाराला हात लावायचा नाही. आधी थोड्या गाड्यांवर बसवणार, त्यात तुमची पहिली. दिवा कुणी चोरू नये म्हणून तो कंपनीच्या चावीशिवाय निघत नाही आणि वायर ओढली तर चहाडखोर बोंबलतो. हे माझंच डोकं.

माझ्या पडद्यावर तुमची गाडी ठिपक्यासारखी दिसते आणि दिवा लागला की ठिपका हिरवा होतो. नजर ठेवते म्हणून फणफणू नकोस. काम आटोपलं की मी एकदा बघते, हिरवा दिसला की बरं वाटतं. आपला भाऊ झोपलाय एवढं कळलं की पुरे.

लाल खडू दोन पाठवते आहे. तेवढे लागू नयेत.

तुझी नणंद

९ एप्रिल

वन्सं, तुझ्या तोंडात साखर पडो.

तुझा दादा माणसात आलाय. परवा यार्डात सलग इतका झोपला की मी दोनदा नाकाशी बोट धरून बघितलं. तोच पहारेकरी, नाक वाकडं झालेला, आमच्या दाराशी आला, दिव्याकडे बघितलं आणि पाय न वाजवता पुढे गेला. मला हसू आवरेना. उठल्यावर दादाने त्याला हाक मारून विडी दिली. आता दोघांची दोस्ती आहे, मारामारी करून झालेली दोस्ती पक्की असते म्हणतात.

दादा तर दिव्याच्या प्रेमातच पडलाय. जो भेटेल त्याला सांगतो, "बायकोची कल्पना, बहिणीची करामत, झोपतो मी." रोज फडक्याने काच पुसतो. एवढं त्याने कधी माझं तोंड पुसलं नाही.

बाकी रस्ता आहे तसाच आहे. मागच्या आठवड्यात हमरस्त्याच्या थांब्यावर शेजारच्या गाडीत कुणी तरी भरदुपारी घुसलं. ड्रायव्हरचा जबडा पाइपने फोडला, डिझेल काढलं, दोन टायर नेले. आम्ही पोचलो तेव्हा तो पायरीवर बसून ओंजळीत दात मोजत होता. आवाज कसा आला नाही म्हणून विचारलं तर बोलता येईना. त्याच्याकडेही तुझा दिवा होता, गाढ झोपला असेल. नाही तर पिऊन पडला असेल, या लाइनीत काय, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं.

कॅमेऱ्यातले फोटो पाठवतेय. थांब्यावरच्या गाड्यांच्या रांगेचा फोटो बघ, तीन जणांनी तुझ्या दिव्यावर शर्ट वाळत घातलेत. गाढवाला गुळाची चव काय!

वहिनी

१८ एप्रिल

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मी भिंतीसमोर उभं राहून मोठ्याने वाचलं. साखर पडो म्हणालीस ती ओळ दोनदा वाचली. हसू नकोस.

आणि ते शर्ट! तुला राग आला, पण मी तर नाचलेच. माणसं एखाद्या वस्तूला बनवणाऱ्याच्या डोक्यात नसलेला उपयोग शोधून काढतात, आमच्या धंद्यात याहून मोठी दाद नाही. इतर गाड्यांच्या फोटोंतही तेच दिसलं. कुणाचा शर्ट, कुणाचा टॉवेल, एकाची तर टोपी. केबिनमध्ये कपडे वाळत घालायला जागाच नसते हे मला आधी सुचायला हवं होतं. नव्या दिव्याशेजारी मी एक खुंटी सुचवली आहे. साहेबांना फार आवडली.

मोठी बातमी शेवटी. कंपनी आता दिवे सगळ्या गाड्यांवर बसवणार, आणि मला कायम केलंय. दादाला सांग, टकामका बघण्याचा पगार वाढला.

त्या जबडा फुटलेल्या माणसाला काही मदत हवी असेल तर कळव. पोलिसांत गेला का तो?

तुझी नणंद

११ मे

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. नोकरी कायम झाली, आनंद झाला.

इकडे दादांचा पाय मुरगळलाय, पायरीवरून घसरले. ते इथे ओळखीच्यांकडे विश्रांती घेत आहेत. गाडी उभी राहिली तर कंपनी दुसऱ्याला देते, म्हणून सध्या मी एकटीच चालवते. दोन्ही फोन बिघडलेत. तुम्ही येण्याची तसदी घेऊ नका, तुमचं काम मोठं आहे.

खुंटी नको.

एक विचारायचं होतं. दिवा किती लांबून दिसावा, हे तुम्ही ठरवलं होतं का?

वहिनी

२० मे

वहिनी,

इतक्या वर्षांत तू मला कधी ताई म्हणाली नाहीस. तुम्ही म्हणालीस तर फक्त चिडवायला. तुझं पत्र वाचताच काही तरी बिनसलंय हे कळलं, पण तरी मी दोन दिवस स्वतःची समजूत घालत बसले. माझ्याइतकं शहाणं गाढव सापडायचं नाही.

मग खुंटी केवढी मोठी करायची, हे विचारायला मी एका ड्रायव्हरला फोन केला. तो आधी हसला. मग म्हणाला, "बाई, शर्ट वाळत नसतो हो. दिवा झाकलेला असतो. आधी चोरांना एकेक दार हलवून बघावं लागायचं, आत कोण जागं आहे त्याचा धाक असायचा. आता तुम्ही दारावर पाटीच लावलीय, आतला झोपलाय म्हणून." मी फोन ठेवला आणि भिंतीवरचे फोटो उपटून काढले.

ते फोटो माझ्या भिंतीवर महिनाभर होते. त्यांच्यावर मीच चिठ्ठी लावली होती, "लोकांना दिवा आवडला."

मग मी पडद्यावर तुमच्या गादीची नोंद काढली. आधी दोन वजनं आळीपाळीने दिसायची, एक जड, एक हलकं. एप्रिल संपता संपता जड वजन गेलंय ते परत आलेलं नाही. मुरगळलेल्या पायाला इतके दिवस लागतात का? टॅबवरून फोन लावला तर तू "सगळं छान आहे" म्हणालीस. ते तू मला नाही, ऐकणाऱ्यांना सांगत होतीस. दादा कुठे आहे? खरं सांग. जिवंत आहे ना?

साहेबांकडे गेले. म्हणाले, लूटमार हा पोलिसांचा विषय आहे, दिव्याचा नाही. यार्डवाले खूश आहेत, करार झालेत, दिवे निघणार नाहीत. टेबलावर नमुन्याचा दिवा होता. तो मी उचलला आणि टेबलाच्या कडेवर आपटला, पुन्हा आपटला, फुटेपर्यंत. काच उडून शेजारच्या इंजिनिअरच्या गालात घुसली. त्याला रक्त आलं आणि मला बाहेर काढलं. नोकरी बहुधा गेली. दिवा काढायची चावी मात्र माझ्या पर्समध्ये आहे, ती मी दिली नाही.

दोन ओळी तरी लिही गं.

तुझीच

२८ मे

वहिनी,

तुझं उत्तर नाही. डेपोत फोन केला, म्हणाले पत्र खणात पडून आहे, तू इकडे आलीच नाहीस. आता मला बसवत नाही.

परवा निघते आहे. पडदा बघायची परवानगी अजून कुणी काढून घेतलेली नाही, विसरले असतील. तू कुठेही असलीस तरी ठिपका दिसतो, त्याच्या मागे येईन. तू झोपलेली असलीस तर तुला उठवणार नाही. एकटी चालवतेस, झोपेचं मोल मला तुझ्याच पत्राने शिकवलं. आवाज न करता आधी तो दिवा काढीन, मग पायरीवर बसून राहीन तू उठेपर्यंत. मग मला हवं तेवढं मार. मार खाल्ल्याशिवाय मला आता चैन पडायची नाही.

हे पत्र तुला वेळेत मिळेल असं नाही, पण तुला लिहायची सवय लागलीय.

तुझी नणंद

२९ मे

वन्सं,

तुझं वीस तारखेचं पत्र आत्ता डेपोत मिळालं. वाचून रागच गेला. ज्या बाईने साहेबाच्या टेबलावर दिवा फोडला तिला मी ताई म्हणाले, माझी जीभ झडो.

दादा जिवंत आहे. पाय मुरगळला हे खोटं. तुला सांगू नकोस असं त्यानेच बजावलं होतं. "तिला कळलं तर ती नोकरीला लाथ मारेल," म्हणाला. तू मारलीसच. भावंडं शोभता.

आता सगळं ऐक. भरदुपार होती. हमरस्त्याच्या थांब्यावर गाड्यांची लांब रांग, सगळे झोपलेले. दादा आत, मी मागे नळावर कपडे धूत होते. तिघे जण रांगेवरून चालत आले. एकाही खिडकीत डोकावले नाहीत. नुसते दिवे बघत होते, भाजी निवडावी तसे. शर्ट टाकलेल्या गाड्या सोडत होते. मला तरी वाटलं, कंपनीची माणसं तपासणीला आलीत. तू पाठवलीस, असं वाटलं मला.

आमच्या दाराशी थांबले. त्यातला उंच माणूस पायरीवर चढला, हात वर नेला आणि दिव्यावर तळवा ठेवला. दिवा तापलाय का ते बघत होता. गार असला तर आतला नुकताच पडलाय, चटकन उठेल. गरम असला तर झोप मुरलेली. आमचा गरम होता. त्याने मान हलवली, आणि दुसऱ्याने पाइपने काच फोडली.

मी कपडे टाकून धावले. पोचेपर्यंत त्यांनी दादाला पाय धरून फळीवरून ओढला होता. झोपेतला माणूस हात तरी कसा उचलणार? त्याचं डोकं आधी स्टिअरिंगवर आपटलं, मग पायरीवर, मग जमिनीवर. पाइप त्याच्या उजव्या हातावर पडत होता, एकाच जागी, पुन्हा पुन्हा, लाकूड फोडतात तसा. तो माझं नाव घेऊन ओरडत होता आणि तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते.

पायरीखाली टॉमी असते, टायर उचकटायची लोखंडी कांब. ती मी दोन्ही हातांनी धरली आणि पाइपवाल्याच्या कोपरावर घातली. हात उलट्या बाजूला वळला. तो वळून बघेपर्यंत दुसरी गुडघ्यावर. तिसरा आमचे दोन्ही फोन घेऊन पळाला. पाइपवाल्याला मी आणखी मारलं असतं, तो हात जोडत होता तरी मारलं असतं, पण उंच्याने त्याला ओढून नेलं. ज्याने दिव्यावर हात ठेवला तो धडधाकट गेला, माझ्या मनातून तेवढं एकच जात नाही.

दादाचा उजवा हात डॉक्टरांनी वाचवला, पण त्या हाताने तो पुन्हा गिअर टाकेल असं नाही. डाव्या कानाने ऐकू येत नाही. इस्पितळात पडल्या पडल्या तो मला म्हणतो, "तुझी कल्पना चांगली होती गं." ते ऐकलं की मला स्वतःचंच टाळकं फोडावंसं वाटतं. हिरवा खडू माझाच होता. तू एकटीने ते ओझं घेऊ नकोस, निम्मं माझ्याकडे दे.

रडून काय व्हायचं? मी ठरवलंय. परवापासून त्याच थांब्यावर गाडी लावणार आहे. माल मिठाचा आहे. एक पोतं गादीवर ठेवून बघितलं, दिवा लागतो. दुपारभर तापू देणार. मी सीटवर अंग चोरून, खाली वाकून बसणार, दाराची काच खाली आणि टॉमी मांडीवर. झोपलेल्याला जागं करता येतं, पण झोपेचं सोंग घेतलेल्यापुढे कुणाचं चालत नाही. त्या दिव्याकडे जो हात येईल तो हात मी ठेवणार नाही. तोंड बघायला थांबणार नाही. दादाला वेळ दिला होता का कुणी?

मला समजवायला येऊ नकोस. पत्र पोचेल तोवर झालेलं असेल.

तुझी वहिनी

८ जून

माझे बाई,

हे पत्र दादा तुला वाचून दाखवेल. मी बाहेर वॉर्डाच्या दाराशी बाकावर आहे. रोज येते, पण आत पाऊल पडत नाही. तू बोलावतेस असं दादा सांगतो. अजून चार दिवस दे मला.

डॉक्टर भेटले. तुझ्या मनगटाच्या हाडांचा चुरा झालाय, तारा घातल्यात. दोन बोटं वळणार नाहीत म्हणाले. मी विचारलं, पेन्सिल धरता येईल का? ते म्हणाले, डाव्या हाताची सवय करायला सांगा. तिकडे दादा डाव्या हाताने जेवायला शिकतोय. घरातले दोन उजवे हात गेले, त्यातला एक मी घालवला.

तुमच्या कंपनीची माणसं येऊन गेली. सगळ्या गाड्यांवरचे दिवे काढायचं ठरलंय, म्हणाले. जबडे फुटले, दादाचं डोकं फुटलं, तेव्हा तो पोलिसांचा विषय होता. कंपनीच्या बाईचा हात मोडला, वर्तमानपत्रात आलं, आणि चार दिवसांत दिव्याचा विषय झाला. त्यांच्या साहेबाला मी दारातच शिव्या दिल्या. मारणार होते, पण हात उचलला आणि तसाच खाली घेतला. आता हात उचलवत नाही. ते चोर आले नाहीत. येणारही नाहीत, दिवेच राहणार नाहीत.

तुझं अठ्ठावीस तारखेचं पत्र मला परवा डेपोच्या खणात सापडलं. "मग मला हवं तेवढं मार." तिथेच उभी राहून वाचलं, आणि मग कसं चालत गाडीपर्यंत आले ते आठवत नाही.

तुला सगळं आठवतं की नाही, मला माहीत नाही. दादा विचारू नकोस म्हणतो. मी सांगते, म्हणजे माझ्या छातीवरचं थोडं उतरेल.

दुपार होती. दिवा तापलेला होता. मला पावलं ऐकू आली नाहीत, पायरी तेवढी किंचित दबली. खिडकीत कुणी डोकावलं नाही, हाक मारली नाही, आणि एक हात वर दिव्याकडे गेला. मी जसं ठरवलं होतं तसंच केलं. हाड मोडल्याचा आवाज आता माझ्या ओळखीचा झालाय. खाली कुणी तरी कोसळलं. मी दुसरा घाव घालायला टॉमी उचलून दार उघडलं.

आधी मला तुझ्या चपला दिसल्या. पायरीखाली, एकीशेजारी एक, नीट काढून ठेवलेल्या. मग तुझ्या पर्सजवळ पडलेली ती चावी. तू हात पोटाशी घट्ट धरून मातीत बसली होतीस, तोंड पांढरंफटक. माझ्या हातातली टॉमी बघितलीस आणि तरी ओरडली नाहीस. शेजारच्या गाड्यांवर झोपलेल्यांना त्रास नको म्हणून की काय, अगदी हळू आवाजात म्हणालीस, "वहिनी, झोप मोडली का गं तुझी?"

त्याचं उत्तर तेव्हा द्यायचं राहिलं. नाही गं, मी झोपलेच नव्हते. आत मिठाचं पोतं झोपलं होतं.

तुझी वहिनी